ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची: बिलापासून दरखास्तीपर्यंत

दुकानदार दाद देत नाही, कंपनीच्या नंबरवर नुसती गाणी वाजतात, आणि शेजारचे काका सांगतात, ‘टाका की कन्झ्युमर कोर्टात!’ हे कोर्ट म्हणजेच ग्राहक आयोग. कुठे टाकायचं, कोणत्या कागदावर, किती पैसे भरून, हे मात्र काकांनाही माहीत नसतं. आम्ही साताऱ्यात राहतो. किचन ट्रॉल्या पुण्याच्या एका शोरूममधून करून घेतल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात प्लाय फुगला, चॅनेल गंजले, आणि पूर्ण पैसे पोहोचल्यावर शोरूमची माणसं अदृश्य झाली. त्या निमित्ताने ही सगळी वाट चालून झाली. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी ती क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. इथे तुमचा संताप मोजला जात नाही, कागद मोजले जातात. त्यामुळे खालच्या पायऱ्यांमध्ये कागदांवर जास्त लिहिलंय आणि आयोगातल्या प्रत्यक्ष सुनावणीवर कमी.

१. आधी दार ओळखा

सगळ्याच तक्रारी ग्राहक आयोगाच्या नसतात. काही ठिकाणी दुसरं दार जवळचं आणि फुकटचं असतं.

छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, वजनात मारलं, पाकिटावर किंमत किंवा तारीखच नाही: वैधमापनशास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात जा. ही राज्याची यंत्रणा आहे आणि तिचे निरीक्षक दुकानात जाऊन कारवाई करू शकतात. भेसळ किंवा औषधाची तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासन. विजेच्या बिलाचा वाद आधी वीज कंपनीकडे, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. बिल्डरने ताबा रखडवला तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. घराच्या बाबतीत ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, पण दोन्हीकडे एकाच मागणीसाठी धावू नका, एक निवडा.

बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेतच लेखी द्यावी लागते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, शुल्क नाही. विम्यासाठी विमा लोकपाल आहे. तेच प्रकरण आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून क्रम विचार करूनच ठरवा.

उरलेलं, म्हणजे सदोष वस्तू, अर्धवट सोडलेलं काम, रद्द झालेल्या सहलीचे अडकवलेले पैसे, क्लासने परत न दिलेली फी, नाकारलेला मेडिक्लेम, खाजगी रुग्णालयाचा निष्काळजीपणा, हे ग्राहक आयोगाचं क्षेत्र. वकिलाने दिलेली सेवा मात्र त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तूही सहसा बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं शिलाई मशीन किंवा रिक्षा असेल तर बसते.

२. पैसे ऑनलाइन गेले असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि १९३० लावा

खोटी लिंक, कुणाला दिलेला ओटीपी, क्यूआर कोड, ‘डिजिटल अटक’, यापैकी काहीही झालं असेल तर ग्राहक आयोग नंतर बघू. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवले जातात. ते एटीएममधून बाहेर पडायच्या आत गोठवले तरच हाती लागण्याची शक्यता असते. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक त्यासाठीच आहे. सोबत बँकेला कळवा, आणि तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.

बँकेला कळवताना वेळ महत्त्वाची का, तेही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमची आणि बँकेची चूक नसताना व्यवहार झाला असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून ‘संध्याकाळी यांना विचारून करते’ हे इथे चालत नाही.

सापळा: गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेला नंबर. रिफंड द्यायला कुणी स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. समाजमाध्यमावर कंपनीला टॅग करून स्वतःचा मोबाइल नंबर लिहिणाऱ्यांनाही असेच ‘मदत’ करणारे फोन येतात. नंबर नेहमी बिलावरचा, कार्डाच्या मागचा किंवा अधिकृत अ‍ॅपमधला घ्या.

३. कागद गोळा करा, आजच

दुरुस्ती करून घेण्याआधी, रागाने वस्तू परत फेकण्याआधी, फोन बदलण्याआधी. लागणारी यादी अशी:

- बिल, पावती किंवा करारपत्र. बिल दिलंच नसेल तर बँक स्टेटमेंट किंवा यूपीआयची नोंद. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही तक्रारीत लिहा.
- कोटेशन, जाहिरात, माहितीपत्रक. ‘बीडब्ल्यूपी प्लाय (पाण्याला टिकणारा), दहा वर्षं गॅरंटी’ हे आम्हाला तोंडी नव्हे, कोटेशनवर मिळालं होतं. सगळ्या तक्रारीचा कणा तोच एक कागद ठरला.
- वॉरंटी कार्ड, जॉब शीट, सर्व्हिस इंजिनिअरने सही घेतलेला कागद. त्यावर ‘काम समाधानकारक’ असं आधीच छापलेलं असतं. ते खोडून ‘दोष कायम’ लिहा, मग सही करा.
- तारीख दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ.
- व्हॉट्सअ‍ॅप संभाषण आणि ईमेल. नुसता स्क्रीनशॉट घेताना समोरच्याचा नंबर आणि तारीख चौकटीत येऊ द्या. संपूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःलाच ईमेल करून ठेवणं अधिक चांगलं.
- ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा.

मोबाइलमधल्या गोष्टी पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आधी हेच ‘पासष्ट-बी’ म्हणून ओळखलं जायचं आणि अजूनही बरेच जण तेच म्हणतात. दस्तऐवज टंकलेखन करणाऱ्यांकडे त्याचा मसुदा मिळतो.

दोष तांत्रिक असेल तर दुसऱ्या जाणकाराचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. आमच्या बाबतीत एका इंटिरिअर डिझायनरने प्लायचा तुकडा कापून, फोटो काढून दोन पानी अहवाल दिला. कापलेला तुकडा पिशवीत सीलबंद करून ठेवला होता. गरज वाटली तर आयोग स्वतः वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यासाठीही मूळ वस्तू जागेवर असायला हवी.

सापळा: वस्तू हप्त्यावर घेतली असेल तर चिडून हप्ते थांबवू नका. फायनान्स कंपनीला वस्तूच्या दोषाशी देणंघेणं नसतं आणि सिबिल तुमचं बिघडतं. हप्त्याला स्थगिती हवी असेल तर फायनान्स कंपनीलाही पक्षकार करून आयोगाकडे अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज द्या.

४. समोरच्याचं खरं नाव शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि निकाल लागल्यावर वसुलीच्या वेळी डोक्याला हात लावतात. पाटीवरचं नाव एक असतं, बिलावर दुसरंच. बिलावरचा जीएसटी क्रमांक घ्या आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘करदाता शोधा’ मध्ये टाका. कायदेशीर नाव, व्यापारी नाव आणि नोंदणीकृत पत्ता समोर येतो. मालकी हक्काचं दुकान असेल तर मालकाचं नाव कळतं, कंपनी असेल तर पूर्ण नाव. तक्रारीत तेच नाव जसंच्या तसं वापरा. दोष वस्तूतला असेल तर विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामील करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवत बसतो.

५. लेखी नोटीस द्या

कायद्याने प्रत्येक प्रकरणात ती बंधनकारक नाही. तरी द्याच. वकिलाची नको, साध्या मराठीत, एका पानात. काय घेतलं, कधी, कितीला, काय बिघडलं, किती वेळा कळवलं, आता काय हवंय आणि किती दिवसांत. शेवटच्या ओळी अशा काही:

‘तरी ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सदोष ट्रॉल्या स्वखर्चाने बदलून द्याव्यात, अथवा रु. … परत करावेत. तसे न केल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रार दाखल करीन व होणाऱ्या खर्चास आपण जबाबदार राहाल.’

शिव्या नाहीत, ‘तुम्हाला बघून घेईन’ नाही. हा कागद पुढे आयोगाच्या सदस्यांच्या टेबलावर जाणार आहे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे आता स्पीड पोस्टानेच पाठवा, पोचपावती मागा, आणि टपाल खात्याच्या संकेतस्थळावरचा ‘वितरित’ असा शेरा लगेच छापून ठेवा. सोबत ईमेलही करा. पाकीट ‘घेण्यास नकार’ म्हणून परत आलं तर उघडू नका, तसंच बंद ठेवा, तो तुमचा पुरावा आहे.

बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ छापलंय म्हणून मागे हटू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली नसेल तर कायद्याने ती तीस दिवसांची धरली आहे. मात्र रंग आवडला नाही म्हणून साडी परत करायची असेल तर तो दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न, कायदा तिथे येत नाही.

ऑनलाइन खरेदी असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं.

६. १९१५ ची एक संधी घ्या

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, अ‍ॅपवरूनही नोंद होते. तुमची तक्रार ते कंपनीकडे पाठवतात आणि तुम्हाला एक क्रमांक देतात. मोठ्या कंपन्या, विमान कंपन्या, ऑनलाइन विक्रेते यांच्याकडून इथेच बरंच सुटतं. गल्लीतल्या दुकानदारावर मात्र याचा फारसा परिणाम होत नाही, कारण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही.

सापळा, आणि हा मोठा आहे: आयोगात तक्रार करायची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. हेल्पलाइनवर तक्रार पडून आहे, कंपनीशी ईमेल चालू आहेत, म्हणून ती थांबत नाही. ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो’ असं म्हणत कंपन्या हेच करतात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज देता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही.

७. कोणता आयोग, किती शुल्क

इथे तुम्ही किती भरपाई मागता ते बघितलं जात नाही. वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही दिलेली रक्कम बघतात. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. राज्य आयोग मुंबईत आहे, त्याची खंडपीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईत जिल्हा आयोग एकापेक्षा अधिक आहेत, तिथे आपला पत्ता कोणाकडे येतो ते आधी विचारा.

शुल्क: दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शून्य. दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००, पन्नास लाखांपर्यंत १,०००.

२०१९ च्या कायद्याची सर्वात मोठी सोय ही, की तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. १९८६ च्या जुन्या कायद्यात हे नव्हतं. आमचं शोरूम पुण्यात होतं, तक्रार साताऱ्यात झाली, आणि दर तारखेला घाट चढून यायची पाळी त्यांच्यावर आली. तडजोडीची भाषा ते त्यानंतरच बोलू लागले.

८. तक्रार लिहा आणि दाखल करा

वकील सक्तीचा नाही. स्वतः लिहिता आणि मांडता येते, किंवा अधिकृत प्रतिनिधी देता येतो. ग्राहक पंचायतीच्या शाखा मार्गदर्शन करतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी जणींना माहीत असतं. माझं मत विचाराल तर साध्या वस्तूच्या तक्रारीला वकील नको, पण रुग्णालय, विमा किंवा बिल्डर समोर असेल तर घ्या.

मजकूर क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत लिहा, एका परिच्छेदात एकच घटना. सुरुवातीला तारखांचा तक्ता, शेवटी मागण्या. मध्ये प्रत्येक विधानापुढे तो कागद कोणत्या पानावर आहे ते द्या. मागण्या नेमक्या हव्यात: मूळ रक्कम, त्यावर व्याज, मानसिक त्रासाबद्दल ठरावीक रक्कम, तक्रारीचा खर्च. ऐंशी हजारांच्या ट्रॉल्यांसाठी वीस लाखांचा मानसिक त्रास मागणारेही असतात. त्याने वजन वाढत नाही, तक्रार हलकी दिसते.

दाखल करताना जोडायचे कागद:

- तक्रार अर्ज आणि अनुक्रमणिका, सर्व पानांवर क्रमांक
- तारखांचा तक्ता
- तक्रारीतला मजकूर खरा असल्याचं प्रतिज्ञापत्र
- सर्व पुराव्यांच्या स्वसाक्षांकित प्रती
- उशीर असेल तर विलंब माफीचा अर्ज

ऑनलाइन दाखल करायचं तर ‘ई-जागृती’ पोर्टल. २०२० चं ‘ई-दाखिल’ त्यातच सामावलं गेलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधलं पान आता तसं दिसत नाही. कागद स्कॅन करताना सरळ आणि वाचता येतील असे करा. धूसर फोटो जोडले की त्रुटी निघते आणि ती दूर करेपर्यंत प्रकरण पुढे सरकत नाही. ऑनलाइन भरलं तरी एकदा आयोगाच्या कार्यालयात जाऊन छापील संच किती लागतील ते विचारून या. समोरचे पक्ष जितके, तितक्या जादा प्रती धरून चाला.

९. तारखा

आधी तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे ठरतं, त्यासाठी कायद्यात २१ दिवस आहेत. मग समोरच्याला नोटीस जाते. त्याला म्हणणं मांडायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यानंतर आलेलं म्हणणं घेता येत नाही. तो आलाच नाही तर प्रकरण एकतर्फी चालतं. आला पण काही दिलं नाही तर ‘नो से’चा, म्हणजे ‘म्हणणं दिलं नाही’ असा, आदेश होतो. समोरच्याला कुठे जाबदेणार म्हणतात, कुठे सामनेवाला, कुठे विरुद्ध पक्ष. रोजनाम्यात, म्हणजे तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, यातलं काहीही दिसलं तरी माणूस तोच.

पुढे पुराव्याचं शपथपत्र, लेखी युक्तिवाद, मग तोंडी. बहुतेक काम कागदावरच होतं. कायदा तीन महिन्यांत निकाल लावा म्हणतो, वस्तूची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त वेळ जातो. रिक्त पदं, प्रलंबित प्रकरणं, समोरच्या वकिलाची मुदतवाढ. मनाची तयारी ठेवूनच उतरा.

सापळा: तारीख चुकवू नका. तक्रारदार गैरहजर म्हणून तक्रार काढून टाकली गेली तर जिल्हा आयोगाला तो आदेश स्वतः मागे घेता येत नाही, राज्य आयोगात अपील करावं लागतं. जाणं अशक्य असेल तर अर्ज द्या किंवा दृकश्राव्य माध्यमातून सुनावणी मागा, कायद्यात तशी सोय आहे.

मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव येईल. नाक मुरडू नका. पण तोंडी ‘बघून घेऊ’वर तक्रार मागे घेऊ नका. तडजोडीच्या अटी लेखी, रक्कम आणि तारीख घालून, दोघांच्या सहीने आयोगासमोर नोंदवून घ्या.

१०. निकाल लागला, पैसे कुठे आहेत?

आदेशाची प्रमाणित प्रत पक्षकाराला विनामूल्य मिळते. ती हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा. नाराज असाल तर राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील. समोरच्याला अपील करायचं असेल तर आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी जमा करावे लागतात. त्यामुळे छोट्या रकमांत अपिलं कमी होतात.

आदेशात दिलेली मुदत उलटली आणि पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम ७२ ची नोटीस गेली की भल्याभल्यांना चेकबुक सापडतं. दरखास्तीत समोरच्याचा बँक खाते क्रमांक देता आला तर उत्तम; तुम्ही पैसे पाठवले तेव्हाच्या नोंदीत तो सापडू शकतो.

समोरचा आयोगाच्या आवारात चेक पुढे करेल आणि लगेच ‘पैसे मिळाले’ अशी पुरसीस, म्हणजे आयोगाला द्यायचं लेखी निवेदन, मागेल. चेक घ्या. पुरसिशीसाठी पुढची तारीख मागा, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याची नोंद छापून तिला जोडूनच सही करा.